सर, जरा बघून घ्या

आमच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर सुतळीने बांधलेले जुन्या केसपेपरांचे गठ्ठे, एक ट्यूबलाइट, आणि दार घट्ट लावलं तरच गार करणारा एसी. त्या खोलीत एका मे महिन्यात मी तीनदा कोंडली गेले. कोंडली गेले हे माझे शब्द. दवाखान्याच्या नोटिशीत त्याला ऑनलाइन सिम्युलेशन ट्रेनिंग म्हटलं होतं.

नोटीस मुलांच्या आयसीयूतल्या सिस्टरांसाठी होती. प्रत्येकीने हे ट्रेनिंग पास करायचं, तीन संधी मिळतील, तिसऱ्यांदाही जमलं नाही तर बदली डोळ्यांच्या ओपीडीत. आता डोळ्यांच्या ओपीडीत वाईट काय होतं? काहीच नाही. दहा ते पाच, रविवारी सुट्टी, थेंब घालायचे आणि नंबर पुकारायचे. माझा नवरा डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे, चौदा वर्षं माझ्या ड्यूट्यांप्रमाणे जेवतोय. त्याला तर ऐकूनच हायसं वाटलं. "हो ना मग नापास," तो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. मला आयसीयूतून जायचं नव्हतं, आणि का नव्हतं हे मी त्याला सांगितलं नाही. चार वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी गरीब गाय नाही. माझं माहेर असोद्याचं. केळीच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला हाका मारून माझ्या आईचा आवाज कायमचा चढलेला, तोच माझ्या वाट्याला आला. रिक्षावाल्याने उगाच लांबून नेलं तर मी त्याला भर चौकात रिक्षा थांबवायला लावून चार शब्द सुनावते. सासरी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. धुळ्याला नर्सिंग शिकत होते तेव्हा होस्टेलच्या मेसवाल्याला जाब विचारायला मीच पहिल्यांदा बाहेर बोलावलं होतं. तर अशा बाईची जीभ एका वाक्यासाठी अडली.

ट्रेनिंग असं असायचं. टेबलावर एक रबरी बाळ. त्याचा एक हात निखळलेला, तो चिकटपट्टीने बसवलेला. समोर मोठा स्क्रीन, त्याच्या अर्ध्या भागात मॉनिटरचे आकडे, जसे आपल्या खऱ्या मॉनिटरवर असतात तसेच हिरवे-निळे. उरलेल्या अर्ध्या भागात पुण्याच्या एक बाई. त्या शिकवणाऱ्या. तिकडे बसून त्या बाळाचे आकडे बिघडवायच्या, आणि इकडे आपण जे करायचं ते मोठ्याने बोलत करायचं. डॉक्टरांना फोन लावायची वेळ आली की त्याच बाई डॉक्टर होऊन बोलायच्या. वरती कॅमेरा. चेहरा आणि हात चौकटीत राहिलेच पाहिजेत, मध्येच उठलात तर संधी गेली. दार बंद, कारण एसी. फोन बाहेर ठेवायचा. पाणीसुद्धा आधी प्यायचं.

आमच्यातली सगळ्यात लहान सिस्टर पहिल्याच फटक्यात पास होऊन आली. चोवीस वर्षांची पोर, अजून सलाईनची लाइन लावताना तिचा अंगठा थरथरतो. "काय ताई त्यात," ती म्हणाली, "दिसतं ते सांगायचं."

मला वाटलं, हिला जमलं तर मला हातचा मळ.

पहिल्या दिवशी बाईंनी मला आठ महिन्यांचं बाळ दिलं. दोन दिवस जुलाब-उलट्या. मी ऑक्सिजन लावला, लाइन लावली, हातापायांना हात लावते म्हणाले. बाई म्हणाल्या, "हातपाय थंड आहेत. नखं दाबल्यावर रंग यायला पाच सेकंद लागतायत. बाळ सुस्त आहे." मॉनिटरवर नाडी एकशे नव्वद. बीपी अजून ठीक. हे ठीक बीपी फसवं असतं. लहान मूल शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. अंगातलं पाणी आटून बाळ शॉकमध्ये चाललं होतं, हे सांगायला मला पुण्याची गरज नव्हती. मी फोन लावला.

"बोला सिस्टर," बाई डॉक्टरच्या आवाजात म्हणाल्या.

"सर, जरा येऊन बघून घेता का? बाळ मला बरं वाटत नाहीये."

"ओपीडीत आहे. चार पेशंट आहेत. संपवून येतो."

"हो सर," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मी वाट बघितली. आकडे घसरत गेले. मी श्वास द्यायची अँब्यू बॅग घेतली, छाती दाबली, जे जे करायचं ते सगळं केलं आणि छान केलं. रबरी बाळ सव्वीस मिनिटांनी गेलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. कौशल्य उत्तम, डॉक्टरांना दिलेली माहिती अपूर्ण, नापास.

आता हे 'जरा बघून घ्या' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला मी मूर्ख वाटेन.

आमच्या विभागात सिस्टरने डॉक्टरांसमोर आजाराचं नाव घ्यायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. मी नवी होते तेव्हा एक सिस्टर विभागप्रमुखांना, आमच्या मोठ्या सरांना, म्हणाली होती, "सर, मेंदूज्वर वाटतोय." सर हुशार, हात देवाचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. ते म्हणाले, "असं? मग या खुर्चीत तुम्ही बसा, इंजेक्शनं मी देतो." सगळे हसले. त्या दिवसापासून कुणी नाव घेतलं नाही. मेंदूज्वरच निघाला, ते वेगळं.

मग आमची पद्धत बसली. खाटेजवळच्या सिस्टरने म्हणायचं, "सर, जरा बघून घ्या." थोड्या वेळाने दुसरीने जाऊन तेच म्हणायचं. आणि तरीही सर आले नाहीत तर आमच्या इन्चार्ज अक्का सरांच्या केबिनच्या दारात जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. अक्का दारात दिसल्या की सर हातातला पेन टाकून उठायचे. हे वर्षानुवर्षं चाललं आणि खरं सांगते, झकास चाललं. कितीतरी मुलं या पद्धतीवर घरी गेली. आम्हाला तिचा अभिमान होता. नव्या मुलींना आम्ही ती शिकवायचो, इंजेक्शन शिकवावं तशी. अक्कांनीच मला शिकवली होती. अक्का धुळ्याकडच्या, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी, आणि एका नजरेत मूल ओळखणाऱ्या.

आणि गंमत अशी की हे पुण्याचं ट्रेनिंग मागवलं कुणी, तर मोठ्या सरांनीच. सिस्टरांनी स्पष्ट बोलायला शिकलं पाहिजे म्हणे.

दुसऱ्या संधीला मी चिडूनच बसले. बाळ वेगळं, गत तीच. मी पुन्हा सगळं केलं, फोन लावला, आणि पुन्हा तोंडातून तेच निघालं. मी ठरवून गेले होते की तसं म्हणायचं नाही, तरी तेच. बाई या वेळी डॉक्टरच्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतंय?"

स्क्रीनवर आकडे खाली येत होते. एसीचा आवाज येत होता.

"तुम्हाला काय वाटतंय सिस्टर?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मला काय वाटायचं सर? तुम्ही येऊन बघा ना."

बाळ गेलं. लाल पट्टी आली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला कळलं होतं. मी कॅमेऱ्यात बघत होते. फोन लावायच्या आधीच तुमचा हात सलाईनच्या बाटलीकडे गेला होता. मग बोलला का नाहीत?"

"मॅडम," मी म्हणाले, "तुम्ही कधी वॉर्डात पाय ठेवलाय का?"

"सतरा वर्षं सिस्टर होते," त्या म्हणाल्या.

मला एवढा राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. पण उठता येईना. नापास झालं तरी शेवटी दहा मिनिटं चर्चा असायची, तीही चौकटीत बसून. मी दहा मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत बसले. माझ्या पाठीमागे ती मांडणी होती. डावीकडून तिसरा कप्पा, चार वर्षांपूर्वीचे गठ्ठे. त्यातल्या कुठल्या गठ्ठ्यात तो केसपेपर आहे हे मला ठाऊक होतं, कारण तो मीच बांधला होता.

ती अकरा महिन्यांची मुलगी होती. साक्रीकडून आणलेली. एक दिवस जुलाब, मग ताप, मग आमच्याकडे. दुपारची वेळ. मोठे सर परगावी गेले होते, ड्यूटीवर नवे डॉक्टर, येऊन पंधरा दिवस झालेले. चांगला मुलगा होता, मऊ बोलणारा. मुलीचे पाय मी हातात घेतले तेव्हा ते थंड होते. बीपी ठीक. मी जाऊन म्हणाले, "सर, जरा बघून घ्या." ते म्हणाले, "रिपोर्ट येऊ द्या, बघतो." अर्ध्या तासाने पुन्हा गेले. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते हसून म्हणाले, "सिस्टर, बीपी छान आहे, घाबरू नका." त्यांना आमची पद्धत कुणी सांगितलीच नव्हती. माझ्या तीन वेळा येण्याचा अर्थ त्यांना कळला नाही. ते शब्द ऐकत होते, आणि शब्दांत मी काहीच ठेवलं नव्हतं.

मुलीची आई खाटेजवळ उभी होती. तिने मला विचारलं, "ताई, तुमले काय वाटस?"

मी म्हणाले, "डॉक्टर येतीलच."

ते आले तेव्हा उशीर झाला होता. केसपेपरवर माझ्या नोंदी एकदम स्वच्छ होत्या. दोन वाजता डॉक्टरांना कळवले, अडीचला कळवले, तीनला कळवले. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नवे डॉक्टर महिन्याभरात सोडून गेले. आणि मी ठरवलं की आपण इथून हलायचं नाही. डोळ्यांच्या ओपीडीत काय, कुठेच नाही. इथून गेले तर त्या मुलीला टाकून पळाल्यासारखं होईल असं मला वाटत होतं. हे वेडेपणाचं आहे, कळतं मला.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर घरी मी नवऱ्याला समोर बसवलं. "तुम्ही डॉक्टर व्हा," मी म्हणाले. तो बिचारा टीव्ही बंद करून ताठ बसला. "बोला सिस्टर, काय झालंय? जीभ दाखवा." मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग मी त्याच्यावरच ओरडले. तो म्हणाला, "एवढं काय आहे त्यात? मला तर दिवसभर सुनावतेस." तो उगाच नाही बोलला. मी त्याला सांगू शकत नव्हते की मला वाक्य येत होतं. चांगलं पाठ होतं. अडचण अशी होती की ते आज रबरी बाळासाठी म्हणता आलं, तर ते त्या दिवशीही म्हणता आलं असतं. आजवर मी स्वतःला समजावत होते की आमच्यासारख्या सिस्टरला तसं बोलताच येत नाही, तोंडच उघडत नाही, पद्धतच नाही. त्या समजुतीवर मी चार वर्षं जेवले, झोपले. नापास होत राहिले तर समजूत शाबूत राहणार होती. पण मग आयसीयू जाणार होतं.

आठवडाभर मी दोन्हीकडून अडकलेली होते. ड्यूटीवर मुलांचे पाय हातात घ्यायचे तेव्हा हात जरा जास्तच वेळ राहायचा. गाडीवरून घरी जाताना तोंडाला स्कार्फ बांधलेला असायचा आणि त्याच्या आत मी ते वाक्य पुटपुटायची. सिग्नलला शेजारची बाई बघायला लागली की गप्प.

तिसरी संधी बुधवारी सकाळी होती. बाई स्क्रीनवर आल्या, मागचं काही बोलल्या नाहीत. बाळ सहा महिन्यांचं. मी हातपाय बघितले, नखं दाबली, लाइन लावली, फोन उचलला.

"बोला सिस्टर."

मी म्हणाले, "सर, मुलांच्या आयसीयूतून बोलतेय. सहा महिन्यांचं बाळ, दोन दिवस जुलाब. नाडी एकशे पंच्याऐंशी, हातपाय थंड, नखाला रंग यायला पाच सेकंद, सुस्त आहे. बीपी ठीक आहे पण बाळ शॉकमध्ये आहे. मला सलाईनचा बोलस द्यायची परवानगी द्या, आणि तुम्ही आत्ता या."

"द्या," बाई म्हणाल्या. "निघालो."

मी सलाईन दिलं. नाडी एकशे साठवर आली. मग एकशे चाळीस. रबरी बाळाचे पाय गरम झाले असं बाईंनी सांगितलं. हिरवी पट्टी आली. खाली तपशील होता, फोनवरचं बोलणं, सतरा सेकंद.

बाई हसून अभिनंदन म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले. पण मला आनंद झाला नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला बाईंचा, त्या रबरी बाळाचा, सतरा सेकंदांचा, सगळ्यांचा राग आला होता. सर्वांत जास्त माझा. म्हणजे एवढंच होतं. दोन ते तीन, एक अख्खा तास माझ्या हातात होता त्या दिवशी, आणि लागणार होते सतरा सेकंद. आता मी आयसीयूत राहणार होते, हे जाणून राहणार होते.

बाहेर आले तर दारात अक्का. त्या दोनदा नापास झाल्या होत्या. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तिसरी संधी. "चल आत," त्या म्हणाल्या, "मला शिकव. तू डॉक्टर हो."

मला परत त्या खोलीत जायचं नव्हतं. पण अक्कांना नाही म्हणायची मला सवय नाही. स्क्रीन बंद होता. आम्ही दार लावलं. रबरी बाळाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अक्का.

"बोला सिस्टर, काय झालंय?" मी डॉक्टर होऊन म्हणाले.

"सर," अक्का म्हणाल्या आणि थांबल्या. "सर, जरा..."

"अक्का, तसं नाही. काय दिसतंय ते सांगायचं."

"सर, जरा..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि बाळाच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. चार-पाच वेळा असंच झालं. मी चिडले. माझा स्वभावच तो. मी म्हणाले, "अक्का, उद्या तुम्ही ओपीडीत जाल. आणि हे न बोलण्याने काय होतं ते मला विचारा. ती साक्रीची मुलगी आठवते? तीनदा गेले मी त्या डॉक्टरकडे. तीनदा. आणि हे एक वाक्य बोलले नाही." पहिल्यांदाच मी ते कुणाला तरी सांगत होते, आणि सांगत होते ते ओरडून.

अक्कांनी मान वर केली नाही. "तू एकटी नाही गेलीस," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्या वेळी अक्का स्टोअरमध्ये होत्या असंच मी धरून चालले होते.

"तू तिसऱ्यांदा परत आलीस ना, त्याच्यानंतर मी गेले. केबिनच्या दारात उभी राहिले, नेहमीसारखी." अक्का दवाखान्यात कायम शुद्ध मराठी बोलतात, धुळ्याची बोली त्या घरी ठेवून येतात. तेवढ्यापुरती ती त्यांच्या तोंडी आली. "त्यासनी मले खुर्ची दिन्ही. दमन्यात व्हतीन, बसा म्हने. आनि मी बसनू."

त्या एवढंच बोलल्या. किती वेळ बसलात, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता आणि धीरही नव्हता. एसीमुळे माझे हात गार पडले होते. दार उघडून बाहेर पळावं असं वाटत होतं, पण अक्का बसल्या होत्या आणि त्यांना तिथे सोडून जाणं शक्य नव्हतं.

म्हणून मी जे शिकवायला आले होते तेच केलं. मी म्हणाले, "बोला सिस्टर. काय झालंय?"

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि सरळ बसल्या. "सर, मुलांच्या आयसीयूतून बोलतेय," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "अकरा महिन्यांची मुलगी. साक्रीची. काल जुलाब, आज ताप. पाय थंड आहेत, डोळे उघडत नाहीये. बीपी बघू नका, पोर शॉकमध्ये आहे. आत्ताच्या आत्ता या."

"आलो," मी म्हणाले. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणून मी पुन्हा म्हणाले, "आलो, सिस्टर."